दाराच्या डाव्या कोपऱ्यातलं पाणी

डिशवॉशरच्या दारातून गळणारं पाणी एकदम पडत नाही. आधी डाव्या कोपऱ्यात रबराच्या कडेला नुसती ओल दिसते. ती हळूहळू खाली सरकते, पत्र्याच्या दुमडीशी येऊन थांबते आणि तिथे फुगायला लागते. मसुरीएवढा थेंब झाला तरी सुटत नाही, लोंबकळत राहतो. आपण कंटाळून डोळे मिटावेत आणि नेमका तेव्हाच तो पडावा, असं बहुतेक वेळा होतं. खाली साचलेलं पाणी सुकलं, की फरशीवर त्याची कड तेवढी उरते, पांढुरकी आणि बोटाला किंचित बुळबुळीत लागणारी.

ती कड मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. पाण्यातले क्षार असतील, असं म्हणून पुसूनही टाकली होती.

"सापडला का चोर?" ताईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"नाही अजून."

"मग आता त्याला जेवायलाच बोलाव. रोज संध्याकाळी पाया पडतेस त्याच्या."

मी ऑफिसच्या कपड्यांतच गुडघे टेकून बसले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताखाली ओलं फडकं. मी पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांच्या नळाचं पाणी बघायचं आणि घरी येऊन आपल्या फरशीवरचं. त्या दिवसांत बसमधून उतरल्यावर घराच्या पायऱ्या चढण्याआधी मी उगाचच खालच्या कठड्याला टेकून उभी राहायची. वर गेलं की दोन कामं वाट बघत असायची. एक गळणारं मशीन आणि दुसरं ताईशी बोलणं. पहिलं होत नव्हतं, म्हणून दुसरं करावं लागत नव्हतं.

आमच्या घरात आम्ही दोघीच. ताई माझ्याहून बरीच मोठी. आईवडील लवकर गेले, तिने मला शिकवलं, आणि त्या धांदलीत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. "राहून गेलं" हे तिचेच शब्द. एखादी छत्री बसमध्ये राहून जावी तसं ती ते म्हणते. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. लोकांचे फोन जोडून देण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, आणि मग यंत्रं आली तेव्हा तिला निवृत्तीपर्यंत एका टेबलामागे बसवून ठेवलं. त्यामुळे यंत्रांशी तिचं जुनं वाकडं.

घरातली कामं आम्ही अर्धी अर्धी करतो. हा नियम आईचा. लहानपणी आमची भांडणं विकोपाला गेली, की ती कामाचे दोन तुकडे करून द्यायची. एकीने घासायचं, दुसरीने विसळायचं. एकीने वाळत घालायचं, दुसरीने घड्या करायच्या. आणि दुसरीच्या अर्ध्यात नाक खुपसायचं नाही. खुपसलं तर तिचं अर्धंही आपल्याच गळ्यात. आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा कायदा आम्ही मोडलेला नाही. ताईच्या घड्या वाकड्या असतात. मी त्या वाकड्याच कपाटात ठेवते.

मागच्या हिवाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरून ताईचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण जड पातेलं उचलताना हात थरथरायचा. म्हणून हे मशीन आलं. लगेच वाटणी झाली. भांडी आत लावायची, मशीनच्या साबणाची वडी टाकायची, बटण दाबायचं, हे ताईचं. धुतलेली भांडी जागेवर ठेवायची, जाळी साफ करायची आणि मशीनची दुखणीखुपणी बघायची, हे माझं.

आणि मशीनला दुखणं लागलं ते माझ्या दुखण्याच्याच सुमारास.

आमच्या प्रयोगशाळेतले वजनकाटे तपासायला दरवर्षी एक गृहस्थ येतात. सगळे त्यांना काटेवाले म्हणतात. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. काम संपलं तरी ते चहासाठी थांबायचे आणि मलाही वेळ असायचा, असं चालू होतं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला लग्नाबद्दल विचारायचं तर माणूस काय बोलतो, याची मला कल्पना नव्हती. ते म्हणाले, "माझी बदली झाली आहे. तुमच्या खात्याची तिथेही प्रयोगशाळा आहे. मी चौकशी केली." मग कप खाली ठेवून म्हणाले, "चौकशी आधी केली, विचारतोय नंतर. क्रम चुकला असेल तर सांगा."

क्रम चुकला नव्हता. मी मनात त्याच दिवशी हो म्हटलं होतं. पण ते मोठ्याने म्हणायचं तर आधी ताईला सांगायला हवं होतं, आणि ताईला काय सांगायचं? की जिने मला वाढवलं, तिला थरथरत्या हातानिशी इथे सोडून मी दुसऱ्या गावी संसार मांडायला चालले? ते म्हणाले होते, ताईंनाही घेऊन या. त्यांना ताई माहीत नाही. ती खिडकीजवळची खुर्ची भिंतीजवळ हलवू देत नाही.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, आधी मशीन नीट करायचं. मशीन नीट चाललं तर ताईचं एकटीचं नीट चालेल. मग सांगायचं. विचार वाटायला अगदी शास्त्रीय होता.

मी पद्धतशीर सुरुवात केली. मशीनवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली, तर पाणी पुढच्या बाजूने सांडलं. म्हणजे मशीन पुढे झुकलं होतं. पुढच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. गळती थांबली नाही. खालची पट्टी काढून प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची पट्टी ठेवली आणि तिच्यावर शाईचा ठिपका दिला. जो ठिपका पसरेल तो सांधा दोषी. नळाकडून येणारा पाइप कोरडा. सांडपाण्याचा पाइप कोरडा. पंपाखाली कोरडं. फक्त दाराखालच्या पट्टीवरचा ठिपका फुटून निळा झाला होता.

"हे काय, परीक्षा घेतेस का त्याची?" ताईने विचारलं.

"दारातून येतंय, एवढं नक्की झालं."

"ते तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डोळ्यांनी दिसत होतं."

मग मेकॅनिक आला. त्याने दाराचं रबर बदललं, मशीनच्या डोक्यावर थापट्या मारल्या आणि ताईकडे वळून म्हणाला, "काकू, तसं मशीन ठीक आहे. पण या मॉडेलचं आता वय झालं म्हणायचं."

"अरे, वर्ष नाही झालं त्याला," ताई म्हणाली. "याचं वय झालं, तर मला बघून काय म्हणशील?"

तो हसला आणि निघून गेला. त्या संध्याकाळी नव्या रबराखालून पाणी आलं. त्याच कोपऱ्यातून, त्याच वेगाने.

सुट्टीच्या दिवशी मी जाळी धुऊन, तळ स्वच्छ पुसून मशीन रिकामंच चालवून बघितलं. एक थेंबही पडला नाही. याचा अर्थ भांड्यांत काहीतरी होतं. एखादं मोठं पातेलं आडवं येत असेल, आत पाणी उडवणाऱ्या फिरत्या पंख्याचा झोत त्याच्यावर आपटून दाराकडे उडत असेल, असं मी धरलं. पण भांडी लावणं ताईकडे होतं.

"ताई, मोठं पातेलं जरा मागच्या बाजूला ठेवशील?"

ताईने चष्म्यावरून पाहिलं. "मी तुला जाळी कशी धुवायची ते सांगते का?"

"नाही."

"मग?"

मशीन चालू असताना आता मी खाली जुना टॉवेल घालून ठेवायला लागले. तो पिळायचा, वाळत घालायचा, दुसरा आणायचा. घरात ओल्या टॉवेलचा वास राहायला लागला. रात्रीचं जेवण झालं की ताई आतल्या खोलीत जायची, आणि मी टॉवेलकडे बघत खुर्चीत बसून राहायची. बोलायला तोंड उघडायचं आणि त्यातून जांभई बाहेर पडायची. खोटी नव्हती ती. माणूस न केलेल्या कामाने जितका थकतो, तितका केलेल्या कामाने थकत नाही.

काटेवाल्यांचा फोन येई तो याच वेळी.

"काय ठरलं?"

"रबर बदललं. अजून गळतंय."

"मी मशीनचं विचारत नव्हतो."

"हं."

"इथे एक घर बघितलंय. तळमजल्याचं आहे, पुढे थोडी जागा आहे. मालकाला या शनिवारी सांगायचंय. तुम्ही येणार नसाल तर मला एवढं घर नको. ऑफिसची खोली आहे, ती पुरे. पण घर घेऊन वाट बघत बसायला मला जमणार नाही. बायको गेल्यावर एकदा बसलोय तसा रिकाम्या घरात."

"हं," मी म्हटलं. "सांगते."

फोन ठेवला तर ताई पाणी प्यायला आली होती. तिने ग्लास भरला, सावकाश प्यायली, आणि ग्लास मशीनमध्ये ठेवून गेली.

शनिवारच्या आदल्या दिवशी सकाळी मी वैतागून फरशीवरचं थोडं पाणी ड्रॉपरने ओढून घेतलं, छोट्या बाटलीत भरलं आणि डब्याशेजारी पिशवीत टाकलं. हे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरचं पाणी असतं तर केलंही असतं.

प्रयोगशाळेत आधी क्षार तपासले. अगदीच कमी होते. म्हणजे ती पांढुरकी कड क्षारांची नव्हती. मग तेच पाणी परीक्षानळीत घेऊन, अंगठ्याने तोंड दाबून हलवलं. फेस आला. तो तर येणारच, साबण आहे. मी नळी स्टँडला लावली आणि दुसऱ्या कामाला गेले. परत येऊन बघते तो फेस तसाच, बोटभर उंच, तोऱ्यात उभा.

मशीनच्या वडीचा एक तुकडा मी सोबत आणला होता. तो विरघळवून तशीच दुसरी नळी हलवली. चार बुडबुडे आले आणि विरले. मशीनची वडी फेस करत नाही, करू नये म्हणूनच ती तशी बनवलेली असते. फेस झाला तर तो दाराच्या फटीत शिरतो आणि रबर कितीही चांगलं असलं तरी खालच्या कोपऱ्यातून पाणी घेऊन बाहेर येतो. म्हणजे आमच्या मशीनमध्ये हाताने भांडी घासायचा साबण जात होता.

कोडं सुटलं की मला आनंद होतो. त्या दिवशी झाला नाही. मी दोन्ही नळ्या धुतल्या, आणि धुतलेल्या नळ्या पुन्हा एकदा धुतल्या. आता मशीन दुरुस्त होणार होतं. मग साहेबांना डोकं दुखतंय असं सांगून दुपारीच घरी निघाले. डोकं खरंच दुखत होतं.

ताईला माझी चाहूल लागली नाही, कारण नळ चालू होता. ती सिंकपाशी उभी होती, स्वेटरच्या बाह्या दुमडून, पदर खोचून. डाव्या हाताने तिने मोठं पातेलं धरलं होतं आणि उजव्या हातात साबणाने भरलेली घासणी होती. ती घासत होती. सावकाश, एकेक फेरा पुरा करत. मनगट थरथरलं की थांबायची, हात झटकायची, पुन्हा सुरू करायची. पातेलं झालं तसं तिने ते दोन्ही हातांनी उचललं, साबणासकट मशीनमध्ये ठेवलं आणि ताट घेतलं. सिंकशेजारी साबणाची बाटली होती. मला वाटत होतं, मशीन आल्यापासून आपण ती आणणंच बंद केलं आहे.

"ताई."

तिच्या हातातलं ताट सिंकमध्ये पडलं. "अगं बाई! लवकर कशी आलीस? बरं नाही का?"

"काय करतेस तू?"

"दिसत नाही? भांडी घासतेय."

"मग मशीन कशाला आहे?"

"विसळायला," ताई म्हणाली, इतकं सोपं मला कसं कळत नाही अशा सुरात. "अर्धं मी करते, अर्धं ते करतं."

मी पर्स ओट्यावर ठेवली आणि खुर्चीवर बसले. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींना लागतो तेवढा जोर अंगात नव्हता. महिनाभर मी माझ्या अर्ध्याची कसून तपासणी केली होती. सांधे, पाइप, रबर, जाळी. आणि ताईने तिच्या अर्ध्याचेही दोन भाग करून एक मशीनला देऊन टाकला होता.

"त्या साबणाचा फेस होतो, ताई. तोच बाहेर येतोय. म्हणून गळतंय."

ताईने मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "म्हणजे चोर मीच?"

"तूच."

"आणि तू इतके दिवस त्या बिचाऱ्याच्या पायाखाली पुठ्ठे घालत होतीस." ती खुदकन हसली. पण लगेच गंभीर होऊन तिने हात पुसायला घेतले, आणि बोटं एकेक करून इतका वेळ पुसत राहिली, की मला कळलं, आता खरं काय ते येणार.

"मला सांगायचं नव्हतं तुला," ती म्हणाली. "तुला वाटलं असतं, म्हातारीला मशीन नको झालं. तसं नाही. हात चालतो का, ते बघत होते. पहिल्या आठवड्यात पातेलं धरवायचं नाही. आता धरवतं. थरथरतो, पण धरवतं."

"पण कशासाठी? डॉक्टरांनी जड उचलू नको सांगितलंय."

"डॉक्टर येणार आहेत का भांडी घासायला?" ताईने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. "एकटीला भांडी ती किती. दोन ताटल्या न् एक पातेलं. त्यासाठी हे धूड कोण चालवणार? आणि ते असं गळायला लागलं तर टॉर्च घेऊन खाली कोण बसणार? मला बसता येतं खाली, उठता येत नाही."

'एकटीला' हा शब्द तिने सहज म्हटला होता.

"एकटीला म्हणजे?"

"मुंगे," ताई म्हणाली. लहानपणचं हे नाव ती आता क्वचितच काढते. "आयुष्यभर मी लोकांचे फोन जोडले. ऐकायचं नाही असा नियम होता, पण कान काय डब्यात ठेवणार? 'हं' कुणाला म्हटलंय ते मला नुसत्या 'हं'वरून कळतं. सावकाराला म्हटलेलं वेगळं, आईला म्हटलेलं वेगळं. तू रोज जेवण झाल्यावर जे 'हं' म्हणतेस ना, ते ऑफिसातल्या साहेबाला म्हणत नाही कुणी."

मला कानापर्यंत गरम वाटलं. या वयात.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"घासणी हातात घेतली त्याच्या आधीपासून."

"मग विचारलं का नाहीस?"

ताईने टेबलावरचा पाण्याचा एक ओघळ पुसला. "विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस. 'छे गं ताई, तसं काही नाही.' आणि एकदा माझ्या तोंडावर नाही म्हटलंस, की तेच धरून बसली असतीस. मी ओळखते तुला. म्हणून मी विचारणार नाही. आजही नाही."

ती उठली. मशीनमध्ये आधीच लावलेल्या भांड्यांकडे हात करून म्हणाली, "आता याचं काय करू? साबण तर लागलाय सगळ्याला."

आम्ही दोघींनी मिळून भांडी बाहेर काढली. कुणाचं अर्धं कुठलं, ते कुणी म्हटलं नाही. ती नळाखाली धरत होती, मी पुसत होते. मशीनच्या तळाशी आधीच्या दिवसांचा फेस साठलेला होता, राखाडी, दाट. मी मगने उपसला, वर थोडं व्हिनेगर ओतलं, दार लावलं आणि रिकामं मशीन फक्त पाण्यावर सुरू केलं. मग नेहमीसारखा टॉवेल खाली न घालता, दोघी खुर्च्या ओढून त्या कोपऱ्याकडे बघत बसलो.

बराच वेळ काहीच झालं नाही. आत पंखा फिरत होता, पाणी दाराच्या आतल्या बाजूवर आपटत होतं. ताईने मनगट मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने चोळायला घेतलं. ते सुजलेलं दिसत होतं. ती घासत असताना रोज ते असंच सुजत असेल, आणि संध्याकाळी मी यायच्या आत ती त्यावर बाही ओढून घेत असेल. मी ते बघत होते, आणि माझ्या मनात नेहमीची गोष्ट पुन्हा सुरू झाली होती. हे मनगट असं आहे. अजून थोडे दिवस थांबू. हिवाळा जाऊ दे. एखादी बाई मिळते का कामाला ते बघू. मशीन आधी...

डाव्या कोपऱ्यात ओल दिसली.

"गळलंच की मेलं," ताई म्हणाली.

"आतला फेस अजून गेला नाही. दोनतीनदा चालवावं लागेल."

"म्हणजे आजही नाही झालं."

"आज नाही," मी म्हटलं. "ते काही आज होत नाही."

थेंब पत्र्याच्या काठाशी फुगत होता. मी तो पडायची वाट बघितली नाही. खुर्ची वळवली आणि ताईकडे तोंड करून बसले.

"ताई, मी त्यांना आज फोन करून घर घ्यायला सांगतेय. मी लग्न करणार आहे. आणि मी तिकडे राहायला जाणार आहे."